यांत्रिक नौकेच्या इंधनाचा हिशेब

व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, समाजकारण हे विषय दरसाल ठरलेलेच असतात. त्यांच्या पंगतीत डिझेलच्या हिशेबाचा विषय पाहून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. आपल्यापैकी कितीजणांच्या मालकीची यांत्रिक नौका आहे, असेही कोणी विचारील. आमचीही नाही. परंतु एका मित्राच्या नौकेतून प्रवास करताना हा हिशेब चुकला, तर काय होते ते आम्ही प्रत्यक्ष पाहिले. आणि त्या दिवसापासून हा विषय आमच्या मनात घर करून राहिला.

हिवाळ्यातले दिवस होते. मुंबईहून सकाळी निघून आम्ही मुरूडला जंजिरा पाहायला गेलो. अंतर चाळीस सागरी मैलांच्या आसपास. जाताना समुद्र शांत होता. परतताना दुपारचा वायव्येचा वारा सुटला आणि तो नेमका तोंडावर आला. मालकाने टाकीचा काटा पाहिला. तो पाव टाकी दाखवीत होता. चारशे लिटरच्या टाकीत पाव म्हणजे शंभर लिटर, मुंबई गाठायला पुरेसे, असा त्यांचा सरळ हिशेब. खांदेरीचे दीपगृह दिसू लागले आणि इंजिनाने दोन आचके देऊन मान टाकली. इंजिन थांबताच नौका वाऱ्याला आडवी झाली आणि लाटांवर अशी डोलू लागली, की उभे राहणे कठीण झाले. सुकाणू फिरवून उपयोग नव्हता, कारण नौकेला गती असेल तरच सुकाणू चालते. पाणी उथळ म्हणून नांगर धरला, एवढे दैव बलवत्तर. बरोबर एक अनुभवी तांडेल होता. त्याने डब्यातले वीस लिटर डिझेल टाकीत ओतले. पण तेवढ्याने इंजिन सुरू होईना. नळीत हवा शिरली होती. ती पाना फिरवून थेंबाथेंबाने बाहेर काढण्यात पाऊण तास गेला. काम संपल्यावर हात पुसत तो मालकांना एवढेच म्हणाला, "काट्यावर जाऊ नका साहेब, काठी घाला आणि बघा."

त्या पाऊण तासात आमच्या मनात जे प्रश्न उभे राहिले, त्यांची उत्तरे शोधता शोधता हा लेख तयार झाला आहे. नौकेला किती डिझेल लागेल हे आधी सांगता येते काय? येते. त्यासाठी शाळेतल्या गणितापलीकडचे काही लागत नाही.

एका लिटरमध्ये काय असते?

डिझेल इंजिन आपल्याला अपरिचित नाही. विहिरीवर पाणी उपसणारे ‘ऑइल इंजिन’ महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने पिढ्यानपिढ्या पाहिले आहे. पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली स्थापन झाली, ती याच कामासाठी. या इंजिनाचा जनक रुडॉल्फ डिझेल हा १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मलेला जर्मन अभियंता. हवा अतिशय दाबली की ती इतकी तापते, की तिच्यात तेलाचा फवारा सोडताच तो ठिणगीवाचून पेट घेतो, हे त्याच्या इंजिनाचे मर्म होय. १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्याच्या इंजिनाची परीक्षा झाली, तेव्हा इंधनातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णतेचे काम झाले असे आढळले. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना हा आकडा स्वप्नातही दिसला नव्हता. १९१२ साली कोपनहेगनहून ‘सेलांडिया’ हे डिझेलवर चालणारे मोठे जहाज बँकॉकला निघाले. त्याला धुराडे नव्हते याचेच बंदराबंदरांतून लोकांना कौतुक वाटले. स्वतः डिझेल मात्र पुढच्याच वर्षी, १९१३ साली, इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रात्रीतून नाहीसा झाला.

आता हिशेबाकडे वळू. घरी विजेचे बिल येते, त्यात ‘युनिट’ असते. हजार वॉटचा दिवा एक तास जळला की एक युनिट. एक लिटर डिझेल जाळले तर जी उष्णता निघते ती स्थूलमानाने दहा युनिटे भरते. परंतु ही दहाही युनिटे इंजिनाच्या दांड्यावर मिळत नाहीत. आजचे चांगले इंजिन त्यांतली सुमारे चार देते. उरलेल्या सहांपैकी मोठा भाग धुराबरोबर निघून जातो, दुसरा मोठा भाग इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याबरोबर वाहून जातो.

नौकेच्या इंजिनाची ताकद अश्वशक्तीत सांगण्याचा प्रघात आहे. एक अश्वशक्ती तासभर वापरली म्हणजे सुमारे पाऊण युनिट काम झाले. चार युनिटांना एक लिटर, तर पाऊण युनिटाला किती? त्रैराशिक मांडले तर उत्तर येते ०.१९ लिटर. हा आकडा श्रोत्यांनी गाठीला बांधून ठेवावा. *एका अश्वशक्तीला तासाला ०.१९ लिटर*, म्हणजे शंभर अश्वशक्तीला तासाला एकोणीस लिटर. इंजिन कोणत्याही कारखान्याचे असो, यात फार मोठा फरक पडत नाही. फरक पडतो तो इंजिनाला अगदी हलके काम दिले तर. तेव्हा स्वतःचे घर्षण सोसण्यातच त्याची बरीच शक्ती जाते आणि हा आकडा ०.२० किंवा त्याहूनही वर सरकतो.

येथे एक शंका निघेल. इंजिनावर दोनशे अश्वशक्ती असे कोरलेले असेल, तर खप नेहमी दोनशेच्याच हिशेबाने धरायचा काय? नाही, आणि बहुतेकांची चूक होते ती येथेच. कोरलेला आकडा इंजिनाची कमाल ताकद सांगतो. पैलवान दहा मण उचलू शकतो म्हणून तो दिवसभर दहा मण घेऊन हिंडत नाही. प्रत्यक्षात किती ताकद लागते ते नौकेच्या वेगावरून ठरते. आणि वेगाचा हा हिशेब मोठा विलक्षण आहे.

वेगाची किंमत

पाण्यावर वेग दुप्पट करायचा असेल तर ताकद दुप्पट लागेल, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः ती सुमारे आठपट लागते. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर विरोध चौपट. आणि तो चौपट विरोध दुप्पट वेगाने ढकलायचा, म्हणून चार गुणिले दोन, आठ. शास्त्रीय भाषेत, शक्ती ही वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पंख्याच्या फेऱ्यांनाही हाच नियम स्थूलमानाने लागू आहे. फेऱ्या तीनचतुर्थांशावर आणल्या, तर लागणारी शक्ती तीनचतुर्थांशावर न थांबता चौसष्टात सत्तावीसवर, म्हणजे निम्म्याहूनही खाली येते.

याच्या पलीकडे आणखी एक अडसर आहे. तो नीट समजावून दिला विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने. १८७२च्या सुमारास टॉर्की येथे एक लांबच लांब हौद बांधून त्यात तो जहाजांच्या मेणाच्या लहान प्रतिकृती ओढून पाहत असे. नौका चालू लागली की तिच्या नाळेशी एक लाट उठते. वेग जसजसा वाढेल तसतशी ही लाट लांब होत जाते. लाटेची लांबी नौकेच्या पाण्यातल्या लांबीएवढी झाली, की नौकेचे नाक एका उंचवट्यावर आणि पिछाडी दुसऱ्या उंचवट्याच्या टोकाशी, अशी अवस्था होते. याहून वेग वाढवू गेले तर नौकेला स्वतःच उठवलेल्या लाटेची चढण चढावी लागते. मग डिझेल कितीही ओता, ते चढणीतच खर्ची पडते.

ही मर्यादा काढण्याची रीत सोपी आहे. पाण्याच्या रेषेवरची नौकेची लांबी मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला २.४३ने गुणावे, उत्तर नॉटमध्ये येते. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, आणि सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. सोळा मीटर लांबीच्या नौकेचे उदाहरण घेऊ. सोळाचे वर्गमूळ चार, त्याला २.४३ने गुणले की ९.७ नॉट.

पाण्यावरून घसरत जाणाऱ्या, सपाट तळाच्या वेगवान नौका आहेत, त्यांची गोष्ट निराळी. प्रचंड ताकदीच्या जोरावर त्या लाटेची चढण ओलांडून पाण्याच्या पाठीवर आरूढ होतात. पण त्यांनाही ०.१९चा आकडा सुटलेला नाही. अशा नौकेने सोळाशे अश्वशक्ती वापरून ताशी चोवीस नॉट वेग घेतला, तर तासाला सुमारे तीनशे लिटर आणि मैलाला साडेबारा लिटर डिझेल गेलेच म्हणून समजावे.

मुंबई ते गोवा

आता एक प्रवास कागदावर करून पाहू. नौका वरचीच, सोळा मीटर लांबीची, वजनदार, संथ चालणारी. शंभर-शंभर अश्वशक्तीची दोन इंजिने, कमाल फेरे मिनिटाला २४००. मुंबई ते मुरगाव हे समुद्रमार्गे अंतर सुमारे २२५ सागरी मैल. वेगाचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. पण अशा नौकेला ते शोभण्यासारखे आहेत.

पहिला प्रकार पूर्ण जोराचा. दोनशे अश्वशक्तीला तासाला ३८ लिटर. वेग साडेनऊ नॉट. प्रवासाला लागले पावणेचोवीस तास, डिझेल गेले ९०० लिटर.

दुसऱ्या प्रकारात फेरे १८००वर आणले, म्हणजे तीनचतुर्थांश केले. शक्ती उरली ८४ अश्वशक्ती, खप तासाला १६ लिटर. वेग मात्र आठ नॉट राहिला, कारण वरच्या दीड नॉटासाठीच तर लाटेची चढण चढावी लागत होती. प्रवासाला अठ्ठावीस तास, डिझेल ४५० लिटर.

तिसऱ्या प्रकारात फेरे १५००. शक्ती ४९ अश्वशक्ती, खप तासाला १० लिटर, वेग ६.८ नॉट. प्रवासाला तेहतीस तास, डिझेल ३३० लिटर.

हे तीन हिशेब शेजारी मांडून पाहावेत. पहिल्यावरून दुसऱ्यावर आलो तेव्हा साडेचार तास जास्त लागले आणि ४५० लिटर वाचले. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर आलो तेव्हा पाच तास जास्त लागले, पण वाचले केवळ १२० लिटर. म्हणजे शहाणपणाचा वेग मधला होय. हे गणित मोठ्या जहाजांनाही चुकत नाही. २००८ सालच्या मंदीनंतर पेट्या वाहणाऱ्या महाकाय जहाजांनी आपला वेग मुद्दाम कमी केला, तो याच कारणाने.

कागदावर न मावणाऱ्या गोष्टी

परंतु समुद्र आमचे गणित वाचून वागत नाही. म्हणून या आकड्यांत काही भर घालावी लागते.

पहिली भर नौकेवरच्या विजेची. शीतपेटी, दिवे, पंखे, वातानुकूलन यांच्यासाठी लहान जनित्र चालत असते. ते तासाला दोन लिटर घेते असे धरले, तर अठ्ठावीस तासांना ५६ लिटर झाले. दुसरी भर प्रवाहाची. पाण्याचा प्रवाह तासाला एक मैल उलटा असेल, तर आठ नॉटची नौका जमिनीच्या हिशेबाने सातच नॉट चालते. इंजिन मात्र आठाचेच डिझेल खाते. मग २२५ मैलांना बत्तीस तास आणि ५१४ लिटर लागतात. तिसरी भर वाऱ्याची आणि लाटांची. आणि चौथी तळाच्या अस्वच्छतेची. पाण्यात उभ्या असलेल्या नौकेच्या तळाला शेवाळ आणि शिंपल्यासारखे चिवट जीव चिकटतात, त्यांनी तळ खरखरीत होतो आणि खप दहा-वीस टक्क्यांनी सहज वाढतो. कोकणातले मच्छीमार नौका वर ओढून तळ खरवडून रंगवतात, त्यात नुसती टापटीप नसते; वर्षभराच्या डिझेलची बचत असते. मासेमारीच्या खेपेत डिझेल हा खर्चाचा फार मोठा भाग असतो, आणि जाळे रिते आले तरी डिझेलचे पैसे चुकत नाहीत. नाखवाच्या घरी त्या महिन्यात चूल कशी पेटणार, हे पुष्कळदा या हिशेबावर अवलंबून असते.

मग टाकीत किती डिझेल असावे? दर्यावर्दी लोकांत एक जुनी रीत आहे. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश संकटाला. आमचा प्रवास एकमार्गी आहे, गोव्यास पुन्हा डिझेल मिळणार आहे, तरी शेवटचा तृतीयांश सोडू नये. मधल्या वेगाने इंजिनांना ४५० लिटर, जनित्राला ५६, मिळून ५०६. हे दोन तृतीयांश धरले, तर एकूण ७६० लिटर हवे. टाकीच्या तळाशी गाळ आणि पाणी साचते, आणि नौका डोलू लागली की तळाचे तेल नळीच्या तोंडाशी टिकत नाही; म्हणून दहावा हिस्सा नाही असेच समजावे. तेव्हा निघताना टाकीत साडेआठशे लिटर असावे.

आता ही तजवीज कसोटीला लावू. उलटा प्रवाह आहे, शिवाय वारा आणि खराब तळ यांमुळे खप वीस टक्क्यांनी वाढला आहे असे धरले, तरी इंजिनांना ६१७ आणि जनित्राला ६४, मिळून ६८१ लिटर लागतात. ७६०तून ते वजा जाता जवळजवळ ऐंशी लिटर उरतात. म्हणजे वाईट दिवशीही आपण मुरगावला पोहोचतो. परंतु तेच ७६० लिटर घेऊन कोणी हौसेने पूर्ण जोरात निघाला, तर जनित्र धरून तासाला ४० लिटर जाऊन एकोणिसाव्या तासाला टाकी संपते. तोवर १८० मैल झालेले असतात. उरलेले ४५ मैल, म्हणजे जवळजवळ मालवणच्या समोर, तो नांगर टाकून बसलेला असतो. टाकी तीच, नौका तीच, समुद्रही शांतच होता. चुकला तो दीड नॉटाच्या मोहाने.

काठी घाला आणि बघा

शेवटी त्या तांडेलाच्या शब्दांकडे येऊ. काटा पाव टाकी दाखवीत असता डिझेल संपले कसे? नौकेचा तळ निमुळता असतो, म्हणून त्यात बसवलेली टाकीही पुष्कळदा खाली निमुळती असते. काटा मोजतो तेलाची खोली, आकारमान नव्हे. टाकी अगदी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी असेल, तर निम्म्या खोलीला निम्मे तेल नसून पाव असते. आणि पाव खोलीला अवघा सोळावा हिस्सा. चारशे लिटरच्या टाकीत शंभर नव्हे, पंचवीसच लिटर! तेवढे तर गाळात आणि डोलण्यातच संपते. आमच्या मित्राच्या टाकीचे थोड्याफार फरकाने हेच झाले होते.

यावर उपाय असा. रिकाम्या टाकीत एकेकदा वीस-वीस लिटर मोजून ओतावे आणि प्रत्येक वेळी काठी बुडवून तिच्यावर खूण करावी. तांडेलाची काठी म्हणतात ती हीच. काठी पाहायची ती नौका बंदरात स्थिर असताना. तसेच प्रत्येक प्रवासाला टाकी काठोकाठ भरून निघावे, ठरावीक फेऱ्यांवर ठरावीक तास चालावे, पुन्हा काठोकाठ भरावे आणि किती लिटर मावले ते वहीत टिपून ठेवावे. दहा-बारा नोंदी झाल्या की आपल्या नौकेचा खप आपल्याला कोणत्याही पुस्तकापेक्षा अचूक कळतो. आता खप दाखवणारी विजेची मापके मिळतात आणि नव्या इंजिनांत ती बसवलेलीच असतात. जुन्या इंजिनाला असे मापक जोडताना मात्र एक ध्यानात ठेवावे. डिझेल इंजिन लागते त्याहून जास्त तेल ओढते आणि उरलेले दुसऱ्या नळीने टाकीकडे परत पाठवते. जाणारे आणि परतणारे असे दोन्ही मोजून वजाबाकी केली नाही, तर मापक भलताच आकडा सांगेल.

या सगळ्या खटाटोपातून काय साधते? पैसा वाचतो, हे उघडच आहे. एक लिटर डिझेल जळले की सुमारे पावणेतीन किलो कर्बवायू हवेत जातो. मधल्या वेगाने जाऊन गोव्याच्या एका प्रवासात वाचलेले ४५० लिटर म्हणजे सव्वा टनाहून किंचित कमी वायू. हाही लाभ आजच्या काळात लहान नव्हे. पण या दोन्हींच्या आधी येते ते नौकेवरच्या माणसांचे सुखरूप परतणे. त्या दिवशी आमच्यात दोन लहान मुले होती. नांगर धरला नसता, किंवा डब्यात ते वीस लिटर नसते, तर काय झाले असते याचा विचार मित्राच्या मनात पुढे कितीतरी दिवस होता. आता त्यांच्या नौकेवर सुकाणूच्या बाजूला खुणा केलेली एक सागवानी काठी टांगलेली असते आणि तिच्या शेजारी एक वही. निघण्यापूर्वी त्यांची मुलगी काठी बुडवून आकडा मोठ्याने वाचते, मुलगा तो वहीत लिहितो, आणि मगच नांगर उचलला जातो.